आरंभ आणि निर्मिती : ख्रिस्ती श्रद्धा व आधुनिक विज्ञान

ख्रिस्ती श्रद्धा आणि आधुनिक विज्ञान यांचा मेळ बसतो की नाही, या प्रश्नाचे उत्तर बहुधा दोन प्रकारे दिले जाते. विज्ञानाने बायबल खोटे पाडले, असे एक पक्ष म्हणतो. विज्ञान आज जे सांगत आहे ते बायबलाने पूर्वीच सांगून ठेवले आहे, असे दुसरा पक्ष म्हणतो. हे दोन पक्ष एकमेकांचे कट्टर वैरी दिसतात. पण दोघांचे गृहीत एकच आहे. बायबलातील सृष्टिकथा आणि विज्ञानाचा सिद्धांत ही एकाच प्रश्नाची दोन उत्तरे होत, असे दोघेही धरून चालतात. मग त्या उत्तरांत एकाला विरोध दिसतो व दुसऱ्याला एकवाक्यता दिसते, इतकाच काय तो भेद. वेदांत विमाने शोधणाऱ्यांचा उत्साह आपल्या परिचयाचा असल्यामुळे दुसऱ्या पक्षाची मनोवृत्ती आपणांस फारशी समजावून सांगावयास नको.

प्रस्तुत लेखात या गृहीताचीच तपासणी करावयाची आहे. अशी तपासणी हवेत करून भागत नाही. ज्याच्या ठिकाणी श्रद्धा आणि विज्ञान ही दोन्ही पूर्ण बळाने नांदत होती, आणि ज्याला या दोहोंची सोयिस्कर सांगड घालण्याचा मोह सर्वांत अधिक व्हावा, अशा मनुष्याचे उदाहरण घेणे इष्ट. असे उदाहरण म्हणजे बेल्जियमचे गणितज्ञ व कॅथलिक धर्मगुरू जॉर्ज लमेत्र यांचे होय. आज ज्याला सर्वत्र ‘महास्फोटाचा सिद्धांत’ म्हणतात, त्याची पहिली मांडणी या धर्मगुरूने केली. विश्वाला आरंभ आहे असे म्हणणारा सिद्धांत, आणि तो मांडणारा पुरोहित! बायबल विज्ञानाने सिद्ध झाले, अशी द्वाही फिरविण्यास याहून चांगली संधी कोणती मिळणार? लमेत्र यांनी ती घेतली नाही. इतकेच नव्हे, तर इतरांनी घेतली तेव्हा तिला विरोध केला. हा विरोध समजून घेतला म्हणजे आपल्या प्रश्नाचा बराचसा उलगडा होतो.

लमेत्र यांचा जन्म १७ जुलै १८९४ रोजी शार्लरवा या गावी झाला. लूव्हँ येथे अभियांत्रिकीचे शिक्षण चालू असतानाच पहिले महायुद्ध पेटले आणि ते स्वयंसैनिक म्हणून तोफखान्यात दाखल झाले. युद्ध संपल्यावर त्यांनी गणिताकडे मोहरा वळविला. १९२० साली त्या विषयात डॉक्टरेट मिळविली आणि त्याच वर्षी धर्मगुरूच्या शिक्षणास आरंभ केला. सप्टेंबर १९२३ मध्ये त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. लगेच ते केंब्रिजला एडिंग्टन यांच्याकडे सापेक्षतावादाच्या अभ्यासासाठी गेले व तेथून अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत. १९२५ पासून लूव्हँच्या विद्यापीठात ते अध्यापन करू लागले.

ज्या प्रश्नाने त्यांचे नाव झाले तो थोडक्यात असा. आइन्स्टाइन यांनी १९१७ साली आपला सापेक्षतावाद समग्र विश्वाला लावला, तेव्हा त्यांना विश्व स्थिर आहे असे वाटत होते. आणि ते स्थिर राहावे म्हणून त्यांनी आपल्या समीकरणात एक जादा पद घातले. रशियन गणिती फ्रीडमन यांनी १९२२ मध्ये दाखवून दिले की, ही समीकरणे बदलत्या विश्वालाही मुभा देतात. परंतु त्यांचे काम गणितापुरतेच राहिले. लमेत्र यांना ते ठाऊक नव्हते. त्यांनी स्वतंत्रपणे तोच मार्ग काढला आणि आणखी एक पाऊल पुढे टाकले : दूरच्या दीर्घिकांच्या वेधांशी त्यांनी गणित जोडून दाखविले. दीर्घिकांच्या प्रकाशातील रेषा वर्णपटाच्या तांबड्या टोकाकडे सरकलेल्या दिसतात, म्हणजे त्या आपल्यापासून दूर जात आहेत, हे वेधांनी कळलेले होते. लमेत्र यांनी त्याचे कारण सांगितले. दीर्घिका अवकाशातून धावत नसून अवकाशच ताणले जात आहे. फुग्यावर शाईचे ठिपके काढावेत आणि फुगा फुगवीत जावे. कोणत्याही ठिपक्यावरून पाहिले तरी बाकीचे ठिपके दूर सरताना दिसतात, आणि जो जितका लांब तो तितक्या वेगाने सरतो. त्या वेगाचे प्रमाणही त्यांनी काढले : सुमारे ३३ लक्ष प्रकाशवर्षांच्या अंतरामागे सेकंदाला सुमारे ६२५ किलोमीटर. हे सर्व १९२७ साली, हबल यांच्या सुप्रसिद्ध निबंधापूर्वी दोन वर्षे, ब्रुसेल्सच्या एका फ्रेंच नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि बहुतेकांच्या नजरेतून निसटले. त्याच वर्षी ब्रुसेल्सला आइन्स्टाइन यांची गाठ पडली, तेव्हा गणित बिनचूक आहे पण त्यातील भौतिकशास्त्र मुळीच पटत नाही, असा अभिप्राय त्यांना ऐकावा लागला.

विश्व पसरत असेल, तर काळाच्या उलट दिशेने जाताना ते आकसत गेले पाहिजे. ९ मे १९३१ च्या ‘नेचर’ नियतकालिकात एका लहानशा पत्राच्या रूपाने लमेत्र यांनी हा विचार शेवटास नेला : आज विखुरलेले सर्व द्रव्य एका आद्य अणूत सामावलेले असावे व त्याच्या विघटनापासून विश्वाचा इतिहास सुरू झाला असावा. या पत्राच्या टंकलिखित प्रतीत शेवटी एक परिच्छेद होता. परमेश्वर स्वभावतःच गुप्त आहे असे मानणाऱ्या श्रद्धावंतास, आजचे भौतिकशास्त्र निर्मितीवर पडदा ओढते हे पाहून आनंदच वाटेल, अशा आशयाचा. लमेत्र यांनी तो परिच्छेद स्वतः खोडला, आणि पत्र त्याच्याविना छापले गेले. ही खोडाखोड मोठी बोलकी आहे. खोडलेले वाक्य त्यांना खोटे वाटत होते असे नव्हे. पुढे आयुष्यभर ते या ‘गुप्त देवा’विषयी बोलत राहिले. परंतु भौतिकशास्त्राच्या पत्रात त्याला जागा नाही, हे त्यांनी ओळखले.

ही ओळख त्यांना जन्मजात नव्हती. धर्मशिक्षण घेत असता १९२१ साली त्यांनी एक निबंध लिहिला होता, आणि त्यात उत्पत्तीच्या पहिल्या वाक्यांतील प्रकाशाचा अर्थ भौतिकशास्त्राच्या परिभाषेत लावण्याचा प्रयत्न केला होता. म्हणजे ज्या वाटेने जाऊ नये असे त्यांनी पुढे सांगितले, ती वाट त्यांनी स्वतः चालून पाहिलेली होती. १९३३ मध्ये एका अमेरिकन वृत्तपत्राशी बोलताना त्यांची भूमिका स्पष्ट झालेली दिसते. बायबलाचे लेखक तारणाच्या विषयात अधिकारी होते. भौतिकशास्त्रात त्यांचे ज्ञान त्यांच्या काळातील इतर माणसांएवढेच होते. सत्याकडे जाणारे दोन मार्ग आहेत आणि आपण दोन्ही चालावयाचे ठरविले, असा त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ होता.

इतके असूनही संशय त्यांच्या वाट्याला आलाच. पुरोहिताने मांडलेला आरंभाचा सिद्धांत म्हणजे गणिताच्या वेषातली उत्पत्तीची कथा, असे अनेक शास्त्रज्ञांस वाटले. १९४८ साली केंब्रिजच्या हॉइल, बाँडी व गोल्ड यांनी ‘स्थिर स्थिती’चा पर्यायी सिद्धांत पुढे आणला : विश्व पसरते खरे, पण मोकळ्या होणाऱ्या जागेत नवे द्रव्य निर्माण होत राहते, म्हणून त्याला आरंभही नाही व शेवटही नाही. १९४९ मध्ये नभोवाणीवरील व्याख्यानात हॉइल यांनीच प्रतिपक्षाच्या कल्पनेला उद्देशून ‘महास्फोट’ हा शब्द वापरला आणि तोच पुढे रूढ झाला. मराठी वाचकांस हा वाद परका नाही. हॉइल यांचे केंब्रिजमधील विद्यार्थी व पुढे सहकारी डॉ. जयंत नारळीकर यांनी स्थिर स्थितीच्या बाजूने दीर्घकाळ युक्तिवाद केला. १९९३ साली हॉइल व बर्बिज यांच्यासह त्याची सुधारित आवृत्तीही मांडली. २०२१ च्या नाशिक येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविलेल्या या शास्त्रज्ञाचे मे २०२५ मध्ये निधन झाले. त्यांच्या लेखनामुळे विश्वाच्या आरंभाविषयीची शंका ही शास्त्रीय शंका असू शकते, केवळ नास्तिक्य नव्हे, हे मराठी वाचकांच्या पुष्कळ पिढ्यांना कळले.

आता खऱ्या पेचाकडे वळू. २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी रोम येथील पाँटिफिकल अकादमी ऑफ सायन्सेसपुढे भाषण केले. विश्वाचे प्रसरण, खडकांचे व ताऱ्यांचे वय यांचा विस्ताराने उल्लेख करून, ‘प्रकाश होवो’ या आदिवचनाला आधुनिक विज्ञान जणू साक्ष देत आहे, असे त्यांनी म्हटले. हे पुरावे अंतिम नाहीत, अधिक संशोधन हवे, अशी पुस्तीही त्यांनी जोडली होती. पण अशा भाषणातील पुस्त्या कोणाच्या लक्षात राहत नाहीत. जगभर बातमी गेली ती विज्ञानाने निर्मिती सिद्ध केल्याची.

लमेत्र १९३६ पासून या अकादमीचे सदस्य होते. आपल्याच सिद्धांताला आपल्याच धर्मपीठावरून असा मान मिळाला असता एखादा सामान्य मनुष्य सुखावला असता. लमेत्र अस्वस्थ झाले. पुढल्या वर्षी सप्टेंबरात रोमला खगोलशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरावयाची होती आणि पोप तिच्यापुढे बोलणार होते. तत्पूर्वी लमेत्र यांनी रोमला जाऊन व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक फादर ओकॉनेल यांच्याशी या विषयावर बोलणे केले. ७ सप्टेंबर १९५२ च्या भाषणात पोप यांनी विज्ञानाचा गौरव केला. परंतु विश्वाचा आरंभ हा निर्मितीचा पुरावा आहे, अशी भाषा तेथे आली नाही.

आणि त्याच परिषदेत एक गोष्ट अशी घडली, की जिने लमेत्र यांच्या सावधपणाचे मोल लगेच दाखवून दिले. वॉल्टर बाडे या ज्योतिर्विदाने दीर्घिकांची अंतरे आजवर जवळजवळ निम्मीच धरली गेली होती असे तेथे जाहीर केले. अंतरे दुप्पट झाली, म्हणजे विश्वाचे अनुमानित वयही दुप्पट झाले. जुन्या मापाने साधा हिशेब केला तर विश्वाचे वय सुमारे २०० कोटी वर्षे येई, आणि पृथ्वीवरील खडक त्याहून जुने भरत. आईपेक्षा लेक वडील ठरावी असा तो प्रकार होता. त्यानंतरही मापे सुधारत गेली. आज विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे मानले जाते, आणि लमेत्र यांनी ६२५ काढलेले प्रमाण ७० च्या आसपास आलेले आहे. विज्ञानाच्या दृष्टीने यात लाजिरवाणे काहीच नाही; चूक सुधारणे हाच त्याचा धर्म. परंतु जी श्रद्धा १९५१ च्या आकड्यांवर घर बांधील, तिला १९५२ साली पाया बदलावा लागेल. आणि स्थिर स्थितीचा सिद्धांत खरा ठरला असता, तर मग त्या श्रद्धेने काय करावयाचे होते?

या प्रश्नाचे लमेत्र यांच्याजवळ उत्तर होते, आणि ते त्यांच्या धर्मपरंपरेतच सातशे वर्षांपूर्वी दिले गेलेले होते. तेराव्या शतकात ॲरिस्टॉटलचे ग्रंथ पॅरिसच्या विद्यापीठात आले. विश्व अनादी आहे, हे ॲरिस्टॉटलचे मत. त्यावर मोठा गहजब झाला. तेव्हा संत थॉमस अक्वायनस यांनी एक सूक्ष्म पण निर्णायक भेद केला. विश्वाला आरंभ आहे का, हा एक प्रश्न. विश्व निर्मित आहे का, हा दुसरा प्रश्न. विश्वाला आरंभ होता असे ते स्वतः मानत, पण ते शास्त्रवचनाच्या आधाराने. तर्काने ते सिद्ध करता येत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. विश्व अनादी असते तरी ते निर्मितच राहिले असते. कारण निर्मिती ही पूर्वी कधीतरी घडून गेलेली घटना नसून सर्व अस्तित्वाचे ईश्वरावरील अवलंबन आहे.

हा भेद दृष्टांताने स्पष्ट होईल. शिल्पकार मूर्ती घडवितो आणि निघून जातो. तो मेला तरी मूर्ती उभी राहते. गवई गातो तेव्हा गाणे असते. त्याने थांबावे आणि गाणे नाहीसे व्हावे. ख्रिस्ती तत्त्वज्ञानाला अभिप्रेत असलेला ईश्वर आणि विश्व यांचा संबंध दुसऱ्या प्रकारचा आहे. गाणे केव्हा सुरू झाले हे घड्याळ लावून मोजता येईल. ते कोणत्या स्वरात आहे, लय कशी वाढते, हेही मोजता येईल. ते मोजणे हे विज्ञानाचे काम, आणि त्यात गवयाचे नाव आड आणण्याचे कारण नाही. पण हे सर्व मोजून झाल्यावरही ‘गाणे मुळात आहे का?’ हा प्रश्न शिल्लक राहतो, व तो कोणत्याही एका स्वराविषयीचा प्रश्न नसतो. महास्फोट हा फार तर पहिला स्वर आहे. तो गवई नव्हे. १९५८ साली ब्रुसेल्सच्या एका परिषदेत लमेत्र यांनी हेच वेगळ्या शब्दांत सांगितले : आपला सिद्धांत धर्म व अध्यात्म यांच्या कक्षेबाहेरचा आहे, जडवाद्यास तो ईश्वर नाकारण्यास मोकळीक देतो, आणि श्रद्धावंतास ईश्वराशी उथळ सलगी करू देत नाही.

असे असेल तर उत्पत्तीच्या कथेत सांगितले आहे तरी काय? येथे विज्ञानापेक्षा साहित्याच्या अभ्यासकाचा अधिकार मोठा आहे. ग्रंथाचा प्रकार ओळखल्यावाचून त्याला प्रश्न विचारू नये, हा वाचनाचा पहिला नियम. गोव्यात १६१६ साली रायतूर येथे छापला गेलेला फादर स्टीफन्स यांचा ‘ख्रिस्तपुराण’ हा ग्रंथ आपणांस सुपरिचित आहे. त्याच्या पहिल्या भागात जुन्या करारातील सृष्टिकथा मराठी ओवीत आलेली आहे. योगायोग असा की, पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मत शास्त्रवचनाविरुद्ध असल्याचा निर्णय रोमच्या धर्मपीठाने दिला, तोही त्याच १६१६ सालच्या मार्चमध्ये. त्यातूनच पुढे १६३३ चा गॅलिलिओवरील खटला उद्भवला. सृष्टीच्या वयाविषयी स्टीफन्स यांची समजूत त्यांच्या समकालीनांहून वेगळी असण्याचे कारण नव्हते. तरीही तो निर्णय पुढे चर्चला मागे घ्यावा लागला, आणि ‘ख्रिस्तपुराण’ मात्र आपण आजही वाचतो. कारण पुराणाकडून वाचक सृष्टीच्या वयाचा आकडा मागत नाही. या जगाचा धनी कोण, माणसाचे त्यात स्थान काय, दुःख कोठून आले आणि आशा कशाची धरावी, हे तो विचारतो. सूर्यचंद्र या देवता नसून निर्मित वस्तू आहेत, आणि जे निर्माण झाले ते चांगले आहे, हे उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचे सांगणे आहे. या सांगण्याला दुर्बिणीने दुजोरा मिळत नाही, तसा धक्काही लागत नाही. पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीन यांनी इशारा दिला होता की, निसर्गाविषयीच्या ज्ञात गोष्टींत शास्त्रवचनाच्या नावाने ख्रिस्ती मनुष्य भलतेच बोलू लागला, तर हसे त्या मनुष्यापुरते राहत नाही, ग्रंथाचेच होते.

तथापि, प्रश्न वेगळे केले की सर्व भांडण मिटते, असे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. विश्वाच्या आरंभाविषयी हा भेद उत्तम चालतो. मानवाच्या उत्पत्तीपाशी तो अपुरा पडतो. ख्रिस्ती धर्म केवळ अर्थ सांगत नाही, तो इतिहासही सांगतो. १९५० च्या परिपत्रकात पोप बारावे पायस यांनी मानवी देहाच्या उत्क्रांतीविषयी संशोधनास मोकळीक दिली, पण सर्व मानवजात एकाहून अधिक आद्य पूर्वजांपासून आली हे मत मूळ पापाच्या सिद्धांताशी कसे जुळावे ते दिसत नाही, असेही बजावले. १९९६ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी, उत्क्रांतिवाद आता केवळ एक तर्क राहिलेला नाही, हे मान्य केले. आजचे आनुवंशिकीशास्त्र मानवाचे पूर्वज कोणत्याही काळी हजारोंच्या संख्येने होते असे दाखविते. आदामाच्या कथेचा अर्थ येथे नव्याने लावावा लागतो, आणि ते काम ख्रिस्ती धर्मचिंतकांत अद्याप चालू आहे. त्याहून कठीण प्रश्न डार्विन यांनी १८६० साली आपले स्नेही, श्रद्धाळू ख्रिस्ती वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात विचारला होता. जिवंत सुरवंटाच्या अंगात वाढून त्याला आतून खाणारी माशी दयाळू ईश्वराने मुद्दाम कशी निर्माण केली असेल? ग्रे यांनी उत्क्रांतिवाद स्वीकारला आणि श्रद्धाही ठेवली. पण या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही सीमारेषेने मिळत नाही. तो ईयोबाच्या काळापासूनचा प्रश्न आहे. विज्ञानाने त्याला फक्त नवी धार आणली. मेळ घालणे याचा अर्थ असे प्रश्न झाकणे नव्हे.

अध्यापकांच्या दृष्टीने या विवेचनाचे तात्पर्य काय? सहा दिवस खरे की १,३८० कोटी वर्षे खरी, असे वर्गात एखादा विद्यार्थी विचारतो, तेव्हा त्याच्यापुढे दोन वाईट वाटा असतात : एकीवर त्याला घरचा ग्रंथ टाकावा लागतो, दुसरीवर आपली बुद्धी. एक दिवस म्हणजे अमुक कोटी वर्षे, अशी ओढाताण करून दिलेले उत्तर त्याचे काही वर्षे समाधान करील. पुढे विज्ञानाची पुस्तके तो स्वतः वाचू लागेल, तेव्हा ते उत्तर गळून पडेल, आणि त्यास बांधलेली श्रद्धाही बरोबर घेऊन जाईल. त्याला वर्षांचा आकडा सरळ सांगावा, तो कसा मोजतात हे सांगावे, आणि उत्पत्तीचा अध्याय त्याच्या प्रकाराप्रमाणे वाचावयास शिकवावा. श्रद्धा ठेवावी की नाही हे त्याचे त्याने ठरवावयाचे आहे. पण जे ठरवील ते खोट्या कारणासाठी ठरविण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये.

पेन्झियस व विल्सन यांना १९६४ साली आकाशाच्या सर्व दिशांनी सारखेच येणारे मंद प्रारण सापडले, आणि १९६५ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. विश्वाच्या तप्त आरंभाची ही शिल्लक राहिलेली ऊब होती. लमेत्र तेव्हा आजारी होते. २० जून १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. तत्पूर्वी ही वार्ता त्यांच्या कानी पोहोचली होती. २०१८ मध्ये खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने विश्वाच्या प्रसरणाच्या नियमास हबल यांच्याबरोबर लमेत्र यांचेही नाव द्यावे असा ठराव केला. त्या प्रारणाने त्यांच्या सिद्धांताला बळकटी आली. त्यांच्या श्रद्धेला मात्र ही बळकटी आली, असे म्हणता येणार नाही. तिचा भार त्यांनी त्या खांबावर कधी टाकलाच नव्हता.